स्वरचक्र : प्रा. अनिरुद्ध जोशी यांचे संशोधन आणि आपल्या फोनवरची मराठी



या विभागात आपण एरवी संत, साहित्यिक, गावे आणि सणवार यांची माहिती देतो. या वेळचा विषय थोडा वेगळा असला तरी आपल्या प्रत्येकाच्या खिशातला आहे. फोनवर मराठी लिहायची कशी, हा प्रश्न आदिलाबाद, बेला, जैनथ, तामसी या भागांतील आपल्या घरांत रोज येतो. या प्रश्नावर मुंबईच्या आयआयटीत अनेक वर्षे पद्धतशीर संशोधन झाले आहे. ते करणाऱ्यांमध्ये प्रा. अनिरुद्ध जोशी यांचे नाव प्रमुख आहे. त्यांचे काम काय, त्याचा परिणाम कुठे दिसतो आणि आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी कुटुंबांना त्याचा उपयोग काय, याची माहिती पुढे दिली आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, नोकरी बँकेत झाली. त्यामुळे तांत्रिक भाग शक्य तितका साध्या शब्दांत मांडतो.

हे शास्त्र कशाचे?

माणूस आणि संगणक यांचा एकमेकांशी होणारा व्यवहार अभ्यासणाऱ्या शास्त्राला मानव-संगणक आंतरक्रिया, थोडक्यात एचसीआय, म्हणतात. यंत्र आत कसे चालते, हा संगणक अभियंत्याचा विषय झाला. यंत्रासमोर बसलेल्या माणसाला ते समजते का, कुठे तो अडतो, किती चुका करतो, किती वेळ घालवतो, हा एचसीआयचा विषय. अमेरिकेत १९८२ साली या अभ्यासकांचा 'सिगकाय' हा गट स्थापन झाला. त्यांची 'काय' ही परिषद आज या क्षेत्रातील सर्वांत मोठी मानली जाते. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात रोजच्या वापरातल्या वस्तूंची उदाहरणे घेऊन एक गोष्ट ठासून सांगितली. माणूस वस्तू वापरताना पुन्हा पुन्हा चुकत असेल, तर दोष बहुधा वस्तूच्या रचनेत असतो.

ही गोष्ट मला नोकरीत उशिरा कळली. शाखेत संगणक आले तेव्हा पासबुकावर इंग्रजी संक्षेपांच्या ओळी छापून येऊ लागल्या. पेन्शन घ्यायला येणाऱ्या एक आजी दर महिन्याला पासबुक पुढे करून विचारायच्या, "साहेब, यात माझे किती ते सांगा." त्यांना वाचता येत नाही असे मी धरून चाललो होतो. एका एकादशीला त्या रांगेत बसून पोथी वाचताना दिसल्या. चष्मा नाकावर, बोट ओळीवर. वाचता त्यांना चांगलेच येत होते, फक्त आमचे पासबुक त्यांच्या लिपीत नव्हते. तोवर कित्येक महिने मी त्यांच्या विड्रॉवल स्लिपवर अंगठा घेत होतो. त्यानंतर त्यांनी सही केली, पण आधीचे महिने मला आजही खटकतात.

आयडीसी आणि प्रा. जोशी

मुंबईच्या आयआयटीत १९६९ साली औद्योगिक डिझाइनचे केंद्र सुरू झाले. ते 'आयडीसी' या नावाने ओळखले जाते. देवनागरी अक्षररचनेचे मोठे कलावंत प्रा. र. कृ. जोशी याच केंद्रात शिकवत. विंडोजवर वर्षानुवर्षे दिसलेला 'मंगल' हा देवनागरी फाँट त्यांच्या कामातून आला. २००८ साली त्यांचे निधन झाले. आडनाव एकच असल्याने दोघांची गल्लत होते, म्हणून हा उल्लेख केला. र. कृ. जोशी यांचे काम अक्षर दिसावे कसे याचे होते. अनिरुद्ध जोशी यांनी अक्षर उमटवावे कसे, या प्रश्नाला हात घातला. तेही आयडीसीमध्येच प्राध्यापक आहेत.

मूळ अडचण काय होती?

इंग्रजीची अक्षरे २६. देवनागरीत स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार, हलन्त आणि त्यांतून होणारी शेकडो जोडाक्षरे. टाइपरायटरच्या काळापासून त्यांना इंग्रजीसाठी बनलेल्या कळफलकावर बसवण्याची खटपट चालू आहे.

संगणकावर त्यासाठी 'इन्स्क्रिप्ट' ही मांडणी आली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तिला प्रमाण रूप दिले. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी, अशी तिची शास्त्रशुद्ध रचना आहे. शिकलेला माणूस त्यावर वेगाने टाइप करतो, पण आधी ती शिकावी लागते. टायपिंगच्या क्लासला न गेलेल्या माणसाला ती अवघड वाटते.

दुसरी अडचण साठवणुकीची होती. प्रत्येक कंपनीचा फाँट वेगळा आणि प्रत्येकाचे अंतर्गत क्रमांक वेगळे. नांदेडहून आलेली पत्रिका आदिलाबादच्या संगणकावर उघडली की चित्रविचित्र चिन्हे दिसायची. पहिली आवृत्ती १९९१ साली निघालेल्या युनिकोडमुळे प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक मिळाला. 'ॲप'मधला 'ॲ' मात्र २००८ साली त्यात दाखल झाला. अशा रीतीने साठवणुकीचा प्रश्न सुटत आला, तरी बोटाने अक्षर उमटवण्याचा प्रश्न उरलाच.

कीलेखपासून स्वरचक्रापर्यंत

प्रा. जोशी आणि सहकाऱ्यांनी २००४ सालच्या 'काय' परिषदेत 'कीलेख' नावाचा कळफलक मांडला. त्यामागची कल्पना सोपी होती. आपण सगळे पाटीवर क, ख, ग, घ, ङ एका ओळीत आणि च, छ, ज, झ, ञ त्याखाली शिकलो. अक्षर कुठे असते हे आपल्या डोक्यात आधीच बसलेले आहे. मग कळफलकही त्याच क्रमाने का नसावा?

पुढे टचस्क्रीनचे फोन आले. २०११ साली प्रा. जोशी, गिरीश दळवी, मंजिरी जोशी आणि इतर सहकाऱ्यांनी टचस्क्रीनवरच्या देवनागरी कळफलकांची रचना आणि चाचणी यांवर निबंध प्रसिद्ध केला. या कामातून 'स्वरचक्र' आकाराला आले. २०१३ च्या सुमारास ते अँड्रॉइड फोनसाठी विनामूल्य उपलब्ध झाले. मराठी आणि हिंदीबरोबर तेलुगू, कन्नड, गुजराती अशा भाषांसाठीही ते काढण्यात आले.

त्याची रीत अशी आहे. पडद्यावर व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली असतात. 'प' वर बोट ठेवले की त्याभोवती एक चक्र उघडते आणि त्यात पा, पि, पी, पु, पू, पे अशी बाराखडी दिसते. बोट न उचलता हव्या त्या दिशेला सरकवायचे आणि सोडायचे. 'पाणी' हा शब्द दोन स्पर्शांत होतो, 'प' वरून 'पा' आणि 'ण' वरून 'णी'. इन्स्क्रिप्टमध्ये याच शब्दाला चार कळा लागतात.

जोडाक्षराची सोय त्याहून चांगली आहे. 'भक्ती' लिहिताना 'क' च्या चक्रातून 'क्' निवडला की कळफलकावरची अक्षरे बदलतात आणि 'क्' शी जुळणारी जोडाक्षरे तयार दिसू लागतात. त्यातले 'क्त' शोधायचे आणि 'क्ती' कडे सरकायचे. हलन्त म्हणजे काय, तो आधी द्यायचा की नंतर, हे पाठ करावे लागत नाही. जे दिसते ते निवडायचे.

यामागे या शास्त्रातला एक जुना नियमही लागू पडतो. पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली दाखवून दिले की लक्ष्य जितके जवळ आणि जितके मोठे, तितका हात त्याच्यापर्यंत लवकर पोचतो. चक्र बोटाभोवतीच उघडत असल्याने पुढचे अक्षर नेहमी जवळच असते.

मोजून पाहण्याची पद्धत

कळफलक बनवला आणि लोकांना आवडला, एवढ्यावर संशोधन थांबत नाही. मिनिटाला किती अक्षरे लिहिली गेली, किती चुकली, पहिल्या दिवशी वेग किती होता आणि सरावानंतर किती झाला, हे मोजावे लागते. भारतीय भाषांमधील कळफलकांची तुलना करायची ठरली रीत नसेल, तर प्रत्येक जण आपलाच चांगला म्हणणार. म्हणून दळवी, जोशी आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली अशा तुलनेसाठी एक कार्यपद्धती मांडली. २०१६ साली त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. फोन पुढचा शब्द सुचवतो, त्याचा मराठी लिहिताना खरोखर फायदा होतो का? सुचवलेला शब्द वाचायला वेळ लागतो आणि मराठीत एकाच शब्दाची रूपे पुष्कळ होतात. घर, घरात, घरातून, घरातल्यांनासुद्धा. इंग्रजीत जे सोयीचे ठरले ते मराठीत तसेच ठरेल असे गृहीत न धरता ते तपासायला घेतले, हे मला या कामातले विशेष वाटते.

कळफलकाखेरीज इतर काम

प्रा. जोशी यांचे काम टायपिंगपुरते नाही.

'रांगोळी' ही फारसे लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी फोनमधील नावांची वही, २००८ साली 'काय' परिषदेत मांडलेली. नावे अक्षरांच्या क्रमाने न लावता रंग, चिन्हे आणि जागा यांवरून ओळखता यावीत, अशी तिची योजना होती.

'तमा' ही एचआयव्हीबाधित रुग्णांसाठी फोनवरील आवाजाची सेवा. औषध वेळेवर घेण्याची आठवण आणि उपचाराची माहिती ती देते. देशातील ५ दवाखान्यांत ५४ रुग्णांबरोबर १२ आठवडे तिचा प्रत्यक्ष वापर झाला आणि २०१४ साली त्यावरचा निबंध 'काय' परिषदेत आला. या आजाराची औषधे चुकवून चालत नाहीत आणि त्याबद्दल चारचौघांत बोलणे अवघड असते. अशा ठिकाणी यंत्राची भाषा आणि वागणूक कशी असावी, हा प्रश्न जिवाशी जोडलेला आहे.

तिसरे काम सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी होते. प्रा. जोशी, प्रा. एन. एल. सरडा आणि संजय त्रिपाठी यांनी २०१० साली एका संशोधन पत्रिकेत मोजमापाच्या पद्धती मांडल्या. सॉफ्टवेअर बनवताना वापरणाऱ्या माणसाचा विचार कितपत झाला आणि ठरवलेली उद्दिष्टे कितपत साधली, हे त्यातून आकड्यांत सांगता येते. बँकेत काम केलेल्याला याचे महत्त्व सांगायला नको. "ग्राहकांना त्रास होतो" असे म्हटले की बैठक पुढच्या विषयावर जाते. आकडा समोर ठेवला की उत्तर द्यावे लागते.

संशोधनाचा परिणाम कसा मोजतात?

शास्त्रज्ञांच्या जगात एखाद्या निबंधाचा इतरांनी किती वेळा संदर्भ घेतला, हे मोजले जाते. त्यावरून 'एच निर्देशांक' काढतात. जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने तो २००५ साली सुचवला. समजा एखाद्याचे २० निबंध आहेत. त्यांतील ८ निबंधांचा प्रत्येकी किमान ८ वेळा संदर्भ घेतला गेला आणि बाकीच्यांचा त्याहून कमी, तर त्याचा निर्देशांक ८. आपल्याकडे एखाद्याची बाजारातली पत पाहतात, तसाच हा प्रकार.

पण पत हा एका वहीतला हिशेब झाला. दुसरी वही असते ती उभ्या केलेल्या संस्थांची आणि घडवलेल्या माणसांची. २०१० साली आयआयटी मुंबईत 'इंडिया एचसीआय' ही परिषद झाली आणि भारतातील अभ्यासकांना आपले व्यासपीठ मिळाले. २५ ते २९ सप्टेंबर २०१७ या काळात 'इंटरॅक्ट' ही जागतिक परिषद भारतात पहिल्यांदा भरली, तीही मुंबईच्या आयआयटीत. १९८४ साली लंडनला सुरू झालेल्या या परिषदेचे ते सोळावे अधिवेशन होते. विचार जागतिक असावा आणि रचना स्थानिक, अशा अर्थाचे तिचे सूत्र होते. तिच्या कार्यवृत्ताच्या संपादकांमध्ये प्रा. जोशी आणि गिरीश दळवी दोघेही होते.

तिसरी वही वापराची. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) : २०१६ या मानकाने देशात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये भारतीय भाषा वाचण्याची आणि लिहिण्याची सोय असावी असे ठरवले. २०१७ साली गूगलने मराठी आणि तेलुगूसह आठ भारतीय भाषांत बोलून लिहिण्याची सोय दिली. आता फोन विकत घेतला की त्यात मराठी कळफलक बहुधा असतोच, आणि जो असतो तोच लोक वापरतात. त्यामुळे स्वरचक्राचा हिशेब ते किती फोनांवर आहे एवढ्यावर करू नये. आपली लिपी इंग्रजीच्या साच्यात न कोंबता तिच्याच क्रमाने फोनवर आणता येते, हे त्याने करून दाखवले. ती पुंजी पुढच्यांनाही वापरता येईल.

आदिलाबादच्या मराठी घरांशी संबंध

आपला जिल्हा जुन्या हैदराबाद राज्यातला. १९५६ पूर्वी किनवट आणि राजुरा हे तालुकेही आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते पलीकडे गेले आणि पैनगंगेच्या अलीकडचे आपण इकडे राहिलो. माझ्या वडिलांची पिढी उर्दूत शिकली, आमच्यातले काही मराठी शाळेत, आणि आता मुले इंग्रजी नाही तर तेलुगू माध्यमात. घरात मराठी बोलली जाते, पण लिहिली जात नाही. लिहायची वेळ आली तर ती रोमन लिपीत लिहिली जाते.

यात गंमतही होते. एका लग्नाच्या व्हॉट्सॲप समूहावर कुणीतरी रोमनमध्ये "वार कोणता?" असे विचारले. दुसऱ्याने ते "वर कोणता?" असे वाचले आणि मुलाचा फोटो पाठवून दिला. पण, पान, बाळ, बाल, मन, मान हे भेद रोमनमध्ये पुसले जातात. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' एक होतात.

नुकसान मात्र गमतीपेक्षा मोठे आहे. माझी आई ८६ वर्षांची आहे. मराठी शाळेत शिकली, वर्तमानपत्र रोज वाचते, इंग्रजी अक्षरे तिला येत नाहीत. हैदराबादला राहणारी माझी नात तिला आठवणीने मेसेज पाठवते, पण रोमनमध्ये. ते मग मी किंवा सून वाचून दाखवतो. पणतीने पणजीला लिहिलेले दोन शब्द तिसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. शाळेत काय झाले, मैत्रिणीशी का भांडण झाले, हे नात मग लिहीतच नाही, कारण ते आम्ही वाचणार हे तिला ठाऊक आहे. बँकेतल्या त्या आजी मला इथे पुन्हा आठवतात. वाचता येणारे माणूस आपल्याच घरात अडाणी ठरते.

यावर उपाय मला वर्णमालेच्या क्रमात सापडला. नात शाळेत तेलुगू शिकते. तेलुगूची वर्णमालाही क, ख, ग, घ अशीच चालते. बाराखडीची रीत तीच, आणि 'ळ' तेलुगूतही आहे. तेलुगूत ऱ्हस्व 'ए' आणि 'ओ' वेगळे आहेत, एवढा फरक सोडला तर जागा ओळखीच्या. वर्णमालेच्या क्रमाचा कळफलक तिच्यापुढे ठेवला तेव्हा कोणते अक्षर कुठे, हे तिला सांगावे लागले नाही, फक्त देवनागरी आकार ओळखायला शिकवावे लागले. दिवाळीच्या सुट्टीत तिने आईला पहिला मेसेज पाठवला. त्यात 'पणजी' चे 'पनजी' झाले होते. आईने तो स्वतः वाचला आणि चूकही स्वतःच काढली. आता दोघींचे काय चालते ते मला कळत नाही.

शेजारच्या गोंडी भाषेचा उल्लेखही इथे केला पाहिजे. आपल्याच जिल्ह्यातील नारनूर मंडलातल्या गुंजाळा गावी गोंडी भाषेची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते मिळाली. 'गुंजाळा गोंडी' या नावाने ती लिपी २०१८ साली युनिकोडमध्ये दाखल झाली. तिला क्रमांक मिळाले आहेत, पण सामान्य माणसाच्या बोटाखाली ती सहज यायला अजून काम बाकी आहे. मराठीने हा रस्ता आधी चालून पाहिला आहे, त्याचा उपयोग शेजाऱ्यांनाही व्हावा.

घरी काय करता येईल?

१. फोनच्या सेटिंगमध्ये भाषा आणि कीबोर्ड या ठिकाणी जाऊन मराठी जोडा. शक्य असेल तिथे वर्णमालेच्या क्रमाची मांडणी निवडा.

२. रोमनमध्ये लिहून देवनागरी मिळण्याची सोय घाईत उपयोगी आहे. मात्र मुलांना ती एकटीच दिली तर अक्षरांची ओळख होत नाही.

३. बोलून लिहिण्याची सोय वडीलधाऱ्यांसाठी चांगली आहे. पाठवण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावे, विशेषतः नावे आणि रकमा.

४. मुलांना तेलुगूची वर्णमाला येत असेल तर तिच्याशेजारी देवनागरी लिहून भिंतीवर लावा.

५. घरातील एका ज्येष्ठाला आठवड्यातून एक मेसेज देवनागरीत पाठवायचा, एवढा नियम मुलांना पुरे. शुद्धलेखनावरून त्यांना लगेच टोकू नका, ते काम ज्येष्ठ आनंदाने करतात.